शिट्टी आमची, प्रश्न तुमचे : आजारी पात्रांवाला भेटायला कसं जायचं?

गेल्या अंकात शेवटी दोन ओळी सहज लिहिल्या होत्या, की आमच्या ओळखीचा फुटबॉलमधला एक जुना स्टॉपर बॅक (गोलसमोर उभा राहून बॉल अडवणारा) अंथरुणाला खिळलाय आणि त्याला बघायला गेलो तर त्याच्याशी काय बोलायचं तेच मला सुचेना. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी जुना प्लेयर आजारी आहे की काय असं वाटायला लागलं. त्यामुळे या वेळी रेफरीला विचारायचे ऑफसाइड, हँडबॉल, सगळं बाजूला, फक्त हाच विषय. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : काका नमस्कार, आमच्या गावच्या क्लबचा जुना पाच नंबर, आम्ही सगळे त्याला पात्रांवच (म्हणजे बॉस) म्हणतो, त्याला ब्लड कॅन्सर निघालाय. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ट्रीटमेंट चालू आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशेच्या वर पोरं आहेत, सगळ्यांचं ठरलंय की जंक्शनवर त्याचा मोठा फोटो टाकून बॅनर लावायचा आणि एक बेनिफिट मॅच ठेवायची. पण क्लबचे जुने लोक म्हणतात बॅनर नको, लोकांना वाटेल माणूस गेला. वहिनींना विचारलं तर त्या काहीच बोलत नाहीत. दर रविवारी आम्ही पंधरा-वीस जण बाईक काढून भेटायला जातो, हल्ली दार उघडायला उशीर लावतात. आमचं काही चुकतंय का? (फोंड्याजवळून एक वाचक)

उत्तर : बाळा, दार उघडायला उशीर लागतोय ना, तेच उत्तर आहे. वहिनी काही बोलत नाहीत कारण त्या काय बोलणार, पंधरा पोरं प्रेमाने आलीत, त्यांना परत जा म्हणून कसं सांगणार, आपल्याकडे दारात आलेल्याला निदान चहा तरी देतात आणि पंधरा जणांचा चहा म्हणजे दूध संपलं.

आता आधी शरीराचं बोलू, कारण ते कोणी सांगत नाही. केमो चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात, जंतूंशी लढणारी फौजच नसते. तुमच्या-माझ्यासाठी जी साधी सर्दी, ती त्याला आयसीयूपर्यंत नेऊ शकते. अशा पेशंटला नुसता ताप आला तरी ‘सकाळी बघू’ म्हणून चालत नाही, रात्री दोन वाजता का होईना हॉस्पिटल गाठावं लागतं. आणि तुमच्या पंधरा जणांत एकाचं तरी नाक वाहत असणारच, पावसाळ्यात तर पाच जणांचं. म्हणून रविवारची ती बाईक रॅली आधी बंद करा. एका वेळी दोघं, वहिनींना आदल्या दिवशी मेसेज करून, हात धुऊन, मास्क लावून, वीस मिनिटं, आणि चहा घ्यायचा नाही. नको म्हटल्यावर त्या दोनदा आग्रह करतील, तिसऱ्यांदाही नको म्हणायचं.

बॅनरच्या बाबतीत मी जुन्या लोकांच्या बाजूने आहे. आपल्याकडे जंक्शनवर दोनच प्रकारचे मोठे फोटो लागतात, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे, आणि पात्रांव काही इलेक्शनला उभा नाही. बांबोळीहून परत येताना गाडीच्या काचेतून त्याने स्वतःचा वीस फुटी फोटो बघायचा, तोही तिशीतला, केस असलेला... नको रे.

मग करायचं काय? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला अ‍ॅस्टन व्हिला क्लब आहे, त्यांचा कॅप्टन होता स्टिलियान पेत्रोव, बल्गेरियाचा मिडफिल्डर. मार्च २०१२ मध्ये आर्सेनलशी मॅच खेळल्यावर त्याला ताप भरला, तपासणी केली तर अक्यूट ल्युकेमिया. म्हणजे तुमच्या पात्रांवाच्याच जातीचा आजार. त्याचा नंबर १९. तर तिथल्या पब्लिकने काय केलं, दर मॅचला १९व्या मिनिटाला उभं राहून मिनिटभर टाळ्या. बॉल कुठेही असो, आपली टीम हरत असो (आणि ती तेव्हा बऱ्यापैकी हरत होती), १९वं मिनिट आलं की टाळ्या. समोरच्या टीमची पब्लिकही सामील व्हायची. ऑगस्टमध्ये आजार आटोक्यात आल्याची बातमी आली तरी टाळ्या थांबल्या नाहीत, पुढचा अख्खा सिझन चालल्या.

मला यात आवडतं ते हे की त्यासाठी कोणाला दार उघडावं लागत नाही. आजारी माणूस झोपलेला असो, उलट्या करत असो, कोणाचं तोंड बघायची इच्छा नसो, टाळ्या आपल्या होतातच, त्याला हवं तेव्हा त्याने ऐकाव्यात. आणि दुसरं म्हणजे त्या टाळ्या थांबत नाहीत. आजारपणात पहिले पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते आणि चौथ्या महिन्यात कुत्रं फिरकत नाही. ल्युकेमियाची ट्रीटमेंट महिनोन्‌महिने चालते, काही प्रकारांत दोन-तीन वर्षं.

तुमच्या क्लबच्या मॅचला पाचव्या मिनिटाला टाळ्या सुरू करा. हो, पाचव्या मिनिटाला अर्धी पब्लिक बाहेर गाड्यावर रस ऑम्लेट खात असते हे मला माहीत आहे, मी तीस वर्षं गावागावांत शिट्टी वाजवलीय. खाऊ देत, पाव खाली ठेवून टाळ्या वाजवतील. कोणीतरी मोबाइलवर शूट करा आणि तो व्हिडिओ ग्रुपवर नाही, फक्त वहिनींना पाठवा.

बेनिफिट मॅच जरूर ठेवा, पण आधी त्याला विचारून, आणि पोस्टरवर ‘मदत’ हा शब्द मोठ्या अक्षरात नको. नुसतं ‘पाच नंबरसाठी मॅच’ एवढं पुरे.

आणि दोनशे पोरं आहेत म्हणतोस तर अजून एक काम. केमोमध्ये प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि प्लेटलेट्स काढल्यावर साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणजे एका रविवारी कॅम्प लावून शंभर जणांनी रक्त दिलं, फोटो काढले, तर सगळ्याच प्लेटलेट्स त्याच्या वाट्याला येणार नाहीत, आणि पुढच्या महिन्यात लागल्या तेव्हा डोनर शोधत फिरणार, कारण पुरुषाला रक्त दिल्यावर परत द्यायला तीन महिने थांबावं लागतं. म्हणून यादी करा, ब्लडग्रुप लिहा, ब्लड बँकेत विचारा कधी कोण लागेल, आणि पाळीपाळीने पाठवा. मॅचला सब्स्टिट्यूट कधी उतरवायचा ते कळतं ना तुम्हाला, तसंच.

प्रश्न : पैसे गोळा करायचेत, एका मित्राच्या जीपे नंबरवर घ्यावेत का? (डिचोली)

उत्तर : नाही. आमच्या भागात मागे एका प्लेयरसाठी असंच झालं, मॅच झाली, पब्लिक तुफान आली, लकी ड्रॉ पण झाला, आणि शेवटी घरच्यांच्या हातात किती पडले आणि मंडप-साउंडवाल्याला किती गेले ते आजपर्यंत कोणाला कळलं नाही. चोरी झाली असं मी म्हणत नाही, हिशेबच नव्हता. आणि वाईट काय झालं, बोलणी त्या आजारी माणसाला बसली, ‘एवढे पैसे मिळाले त्याला’ म्हणून. तेव्हा पैसे थेट घरच्यांच्या बँक खात्यात, आणि जमा-खर्चाचा कागद क्लबच्या बोर्डावर. त्याआधी गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का बघा, २०१६ पासून ही योजना आहे आणि तरी कितीतरी घरांत कार्ड रिन्यू केलेलं नसतं. प्लेयर देशासाठी खेळलेला असेल तर केंद्र सरकारचा खेळाडूंसाठी वेल्फेअर फंड आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा, तिथे अर्ज करता येतो. फॉर्म भरून देणारा एक माणूस हा दहा हजार रुपये देणाऱ्या माणसापेक्षा जास्त कामाचा असतो, कारण घरच्यांना फॉर्म भरायला डोकंच शिल्लक नसतं.

प्रश्न : सर, मी २४ वर्षांचा आहे. आमच्या क्लबच्या एका जुन्या प्लेयरच्या आजाराची बातमी वाचून मला रडू आलं. मी त्याला खेळताना नीट बघितलेलं पण नाही, बाबांच्या खांद्यावर बसून एकदाच, तेही आठवतं की सांगून सांगून आठवल्यासारखं झालंय माहीत नाही. बाबा म्हणतात आजी वारली तेव्हा तू एवढा रडला नव्हतास. हे नॉर्मल आहे का? (वास्को)

उत्तर : बाबांना सांग, आजीच्या वेळी तू किती लहान होतास तेही मोजा.

तू वास्कोचा, म्हणजे टिळक मैदान तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. तुझ्या बाबांच्या पिढीने नॅशनल लीग बघितली. आपल्या गोव्याच्या क्लबांपैकी साळगावकरने १९९९ मध्ये ती जिंकली, मग धेंपोने २००५ आणि २००७, त्यानंतर आयलीग आल्यावर पुन्हा धेंपो, चर्चिल, साळगावकर, म्हणजे काही वर्षं तर देशाचा चॅम्पियन कोण एवढं विचारायचं नसायचंच, गोव्यातला कुठला एवढंच विचारायचं. आणि मग २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आयलीगमधून अंग काढून घेतलं. एकाच वर्षात. धेंपो नंतर परत आला, एफसी गोवा आहे, फातोर्डाचं स्टेडियम भरतं, सगळं खरं, पण तुझ्या बाबांचा जो शनिवार-रविवार होता तो गेला. आता त्या दिवसांचं काय उरलंय? टीम नाही, ती पब्लिक नाही. माणसं उरलीत. तो प्लेयर आजारी पडला की बाबांच्या खांद्यावरची ती एक दुपारच आजारी पडते. मग रडू येणारच.

आणि आपल्याकडे हे नवीन नाही. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर. मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच, दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, कोसळला, उठला नाही. गोव्यात येऊन त्याला जेमतेम काही महिने झाले होते. तरी इथे घराघरांत चूल पेटली नव्हती त्या रात्री असं माझी बायको अजून सांगते (ती अतिशयोक्ती करते, पण आमच्या घरात नव्हती पेटली हे खरं). धेंपोने दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली आणि त्याच सिझनला लीग जिंकली. नात्याचा नाही, गोत्याचा नाही, भाषा पण कळत नव्हती. तुझा माणूस तर गावचा आहे आणि जिवंत आहे. रडून झालं असेल तर एक पत्र लिही त्याला, कागदावर, आणि त्यात ‘लवकर बरे व्हा’ लिहू नकोस, ते त्याच्या हातात नाही. ती खांद्यावरची मॅच लिही.

प्रश्न : मी एका जुन्या फुटबॉलरची मुलगी. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत, गेली तीन वर्षं विसरतात, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. त्यांचे चाहते चतुर्थीला, लग्नात, कुठेही भेटले की हात धरून विचारतात ‘ओळखलंत का मला?’ बाबा कसंनुसं हसतात आणि घरी आल्यावर दिवसभर गप्प. लोकांचं प्रेम आहे हे कळतं हो मला, पण मी आता त्यांना बाहेर नेणंच बंद केलंय. अजून एक विचारायचं होतं, हे हेडिंग मारून मारून झालं का? (म्हापसा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि लाज वाटली, कारण ‘ओळखलंत का’ हे मी स्वतः विचारलंय लोकांना.

हा प्रश्न आजपासून गोव्यातल्या प्रत्येक फॅनने बंद करावा. ज्याला आठवत नाही त्याच्यासाठी ती परीक्षा आहे आणि तो दर वेळी चारचौघांत नापास होतो. त्यापेक्षा स्वतःच सांगायचं, ‘मी अमक्याचा मुलगा, म्हापशाचा, तुम्ही पावसात मारलेला तो फ्रीकिक मी गोलपोस्टच्या मागे उभा राहून बघितला होता.’ एवढं सांगून बसून राहायचं. पुढचं आलं तर आलं.

या आजारात आज सकाळी काय खाल्लं ते जातं, पण जुनं बराच काळ टिकतं. स्कॉटलंडमध्ये यावरच एक काम चालतं, फुटबॉल मेमरीज म्हणून, तिथलं फुटबॉल म्युझियम आणि अल्झायमरवाली संस्था मिळून करतात. जुन्या मॅचचे फोटो, जुने प्रोग्रॅम, पाच-सहा म्हातारे गोल करून बसतात आणि कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही, फोटो मधे ठेवायचा आणि बोलणं आपोआप सुरू होतं. घरी नातवाचं नाव न आठवणारा माणूस पन्नास वर्षांपूर्वीची लेफ्ट विंग कोण खेळत होता ते सांगतो. तुमच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) हे सहज जमेल. बाबांच्या टीममधले दोघं-तिघं हयात असतील ना, त्यांना बुधवारी संध्याकाळी बोलवा, १९८३ मध्ये आपण बंगालबरोबर संतोष ट्रॉफी वाटून घेतली त्याच्या वेळचे पेपरचे कात्रण असेल तर ते, क्लबचा ग्रुप फोटो असेल तर तो. फोटो मोठे प्रिंट करून घ्या, मोबाइलवर नको, मोबाइल हातात दिला की त्यांचं लक्ष बोट कुठे लावायचं याच्याकडेच जातं. आणि बाबांनी चुकीचं सांगितलं, दोन-एकची मॅच तीन-शून्य केली, तर दुरुस्त करायचं नाही. जिंकू देत.

हेडिंगचं विचारलंत. तुमच्या बाबांना त्यानेच झालं असं कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही, वय, रक्तदाब, घराणं, खूप गोष्टी असतात. पण शंका खोटी नाही. ग्लासगो युनिव्हर्सिटीने २०१९ मध्ये साडेसात हजारांवर जुन्या स्कॉटिश प्रोफेशनल प्लेयर्सची माहिती तपासली, तर मेंदू झिजण्याच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण सामान्य लोकांपेक्षा साधारण साडेतीन पट निघालं. पुढे २०२१ मध्ये त्यांनीच पोझिशनप्रमाणे बघितलं, डिफेंडरांत सगळ्यात जास्त आणि गोलकीपरांत इतर लोकांएवढंच. त्यावरून काय ते कळतं. (२०१९च्या अभ्यासात हृदयविकाराने जाण्याचं प्रमाण मात्र कमी निघालं, म्हणजे खेळ वाईट असं कोणी म्हणू नये.) इंग्लंडचा जेफ अ‍ॅसल, हेडरसाठीच प्रसिद्ध, २००२ मध्ये ५९व्या वर्षी गेला तेव्हा मृत्यूचं कारण तपासणाऱ्या तिथल्या कोरोनरने त्याच्या धंद्यातूनच हा आजार आला असं नोंदवलं होतं.

आपल्याकडचं मी डोळ्यांनी बघितलंय. भात कापलेल्या शेतात नाहीतर पंचायतीच्या चिखलात, कातड्याचा बॉल, पाणी पिऊन नारळासारखा जड झालेला, आणि स्टॉपर बॅक तो कपाळाने बाहेर काढतोय, आणि आम्ही बाहेरून ओरडतोय ‘हेड मार रे!’ आम्हीच ओरडत होतो ना.

बाबांना बाहेर नेणं बंद करू नका मात्र. जाताना कोणाला तरी पुढे पाठवा, तो हळूच सांगेल, प्रश्न विचारू नका म्हणून. लोक ऐकतात. जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबने २०१५ मध्ये गर्ड म्युलरला अल्झायमर असल्याचं उघड सांगितलं, एवढा मोठा गोलस्कोअरर, लपवलं नाही, त्यामुळे लोकांना निदान कसं वागायचं ते तरी कळलं असेल.

प्रश्न : आम्ही एका आजारी प्लेयरच्या दुश्मन क्लबचे. त्याने आम्हाला आयुष्यभर रडवलं. आम्ही भेटायला गेलेलं चालेल का? (मडगाव)

उत्तर : धावत जा. मार्च २०११ मध्ये बार्सिलोनाच्या एरिक अबिदालला लिव्हरमध्ये ट्यूमर निघाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी रिअल माद्रिदचे प्लेयर ‘धीर धर अबिदाल’ असं लिहिलेले शर्ट घालून मैदानात आले होते. रिअल माद्रिद, बार्सिलोनाचे कट्टर दुश्मन! आपल्या माणसांनी चांगलं म्हटलं तर तो म्हणेल हे म्हणणारच, तुम्ही म्हटलं तर खरं वाटेल. शिव्या पण घाला थोड्या, नाहीतर त्याला वाटेल डॉक्टरांनी तुम्हाला काहीतरी वेगळं सांगितलंय.

प्रश्न : आमच्या लेजेंडला मोठ्या मॅचला फातोर्डाला मैदानात आणायचं आहे, व्हीलचेअरवरून, सगळी पब्लिक उभी राहील. तो नको म्हणतो. कसं पटवायचं? (कुंकळ्ळी)

उत्तर : पटवायचं नाही. तो नको म्हणतोय ना.

मला माहीत आहे तुमच्या डोळ्यांसमोर काय आहे. २००९ च्या जुलैमध्ये इंग्लंडचे जुने कोच बॉबी रॉब्सन व्हीलचेअरवरून न्यूकॅसलच्या मैदानात आले, त्यांच्या नावाने मॅच ठेवली होती, आणि पाच दिवसांनी गेले. २०२४ च्या मार्चमध्ये स्वेन-योरान एरिक्सन, कॅन्सर झालेला, डॉक्टरांनी दिवस मोजून दिलेले, त्यांना कायमच लिव्हरपूलचा कोच व्हायचं होतं, तर लिव्हरपूलने जुन्या प्लेयर्सच्या मॅचला अ‍ॅनफिल्डवर त्यांना खरोखर कोच म्हणून बेंचवर बसवलं. ते बघून माझ्याही डोळ्यात पाणी आलं. पण ते दोघं स्वतःच्या मर्जीने आले होते, एरिक्सनचं तर ते स्वप्नच होतं. तुमचा माणूस सहा फुटी, अंगाने भरलेला, लोकांनी तसाच लक्षात ठेवावा असं त्याला वाटत असेल तर तो त्याचा हक्क आहे. त्याला विचारा काय हवंय. कदाचित त्याला फक्त घरच्या टीव्हीवर मॅच बघायची असेल आणि शेजारी ऑफसाइडवर भांडायला कोणीतरी हवं असेल.

मी सुरुवातीला ज्या स्टॉपर बॅकचं लिहिलं त्याच्याकडे तुमची पत्रं घेऊन परवा गेलो होतो. या वेळी काही ठरवून गेलो नाही, पेजेची वाटी त्याच्या बायकोच्या हातातून घेतली आणि चमच्याने भरवत बसलो. चार-पाच चमचे गेल्यावर त्याने हात वर केला, पुरे म्हणून, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं दुखतंय कुठेतरी. मग एवढ्याशा आवाजात म्हणाला, ‘फेस्ताच्या फायनलला तू दिलास तो पेनल्टी नव्हता.’

मी म्हटलं, होता.

‘बॉल छातीला लागला होता.’

हाताला लागला होता, मी दहा फुटांवर होतो. त्याने मान हलवली, नाही म्हणून, आणि बायकोला सांगितलं उशी वर कर, याला नीट समजावून सांगतो.